डर्माप्लेनिंग करून घ्यावं का? (मालवण-कुडाळ परिसर) मदत हवी आहे

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकून दुसऱ्या विभागात पडला असेल तर हलवा.

वय ३१. राहणं मालवण तालुक्यात, खाडीच्या कडेला. घरचाच होमस्टे आहे, त्यामुळे अर्धा दिवस स्वयंपाकघरात आणि उरलेला अंगणात उन्हात जातो. मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे आणि मी करवली. म्हणजे फोटोतून सुटका नाही.

अडचण अशी की गेल्या वर्षभरात गालांवर आणि कानांच्या पुढे लव फार वाढली आहे. पूर्वी अशी नव्हती. काळे राठ केस नाहीत, मऊ भुरी लव आहे, पण उन्हात उभं राहिलं की चमकते. फाउंडेशन लावलं की ते लवेवर बसतं, पिठात हात घातल्यासारखा चेहरा दिसतो. थ्रेडिंगवालीने एकदा अख्खा चेहरा थ्रेड करून दिला, तर तीन दिवस गाल लाल आणि वर बारीक पुटकुळ्या. ब्लीचने आग होते. हल्ली तर चुलीपाशी बसलं तरी गाल तापतात, ते वेगळंच.

कुडाळला एके ठिकाणी चौकशी केली. त्यांनी डर्माप्लेनिंग सुचवलं, म्हणजे पात्याने चेहऱ्यावरची लव खरवडून काढायची. एका वेळचे २५०० रुपये, तीन वेळचं पॅकेज घेतलं तर ६०००. "अर्ध्या तासाचं काम, चेहरा काचेसारखा होतो," तिथली बाई म्हणाली. काचेसारखा म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणते, "तोंडार वस्तरो? उद्या दाडी इली मगे न्हाव्याकडे धाडू काय तुका?"

तर खरंच केस दाट येतात का? आपल्यासारख्या सावळ्या कातडीला चालतं का? खाऱ्या वाऱ्यात आणि घामात राहणाऱ्या बाईने हे करावं का? आणि लग्नाच्या किती दिवस आधी? कुणी केलं असेल तर मोकळेपणाने सांगा. जाहिराती वाचून झाल्यात.

अबोली_पुणे

मी दोनदा करून घेतलंय, पुण्यात, त्वचारोगतज्ज्ञांकडे. आपल्याकडे फेस रेझर मिळतो तसलं ते नाही. ऑपरेशनला वापरतात तसं स्टीलचं पातं असतं, दांडीला लावलेलं. माझ्यासमोर पाकीट फाडून नवीन काढलं. आधी चेहरा धुऊन, पुसून अगदी कोरडा केला. मग बाईंनी एका हाताने गाल ताणून धरला आणि दुसऱ्या हाताने पातं तिरकं, साधारण ४५ अंशात धरून अगदी छोटे छोटे फटकारे मारत गेल्या. दुखत नाही. आवाज मात्र कानात येतो, नखाने पोस्टकार्ड खरवडल्यासारखा. मला हसू येत होतं आणि हसायची बंदी होती.

मधे मधे पातं गॉजवर पुसत होत्या. संपल्यावर ते गॉज दाखवलं. पांढरा भुगा आणि त्यात गुंतलेली लव. सावरीची बोंडं फुटल्यावर कापूस कुंपणाला लटकतो ना, तसं. किळसही आली आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत किंचित लाली होती. दुसऱ्या दिवशी गाल इतके गुळगुळीत की हात सारखा तिकडेच जात होता. मेकअप फार छान बसतो, तेवढं खरं. तीन-चार आठवड्यांनी लव परत आली, होती तशीच. दाट नाही, काळी नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

रापणकर

हे मी रोज सकाळी आठ मिनिटांत फुकट करतो. २५०० रुपये देणार असाल तर तुमचंही करून देईन.

(ताई, गंमत केली. पण एक खरं सांगतो. बायकोबरोबर एका पार्लरात गेलो होतो, गावाचं नाव नको. तिथे एकीचं झाल्यावर पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढचीला घेतलं. आम्ही दोघं उठून आलो. आमचा सलूनवालासुद्धा दर गिऱ्हाइकाला ब्लेड मोडून नवीन लावतो.)

सुरंगी

रापणकर, हे गमतीत घालवू नका, फार महत्त्वाचं आहे. रक्तातून जाणारे आजार, हिपॅटायटिस बी ही कावीळ धरून, अशाने पसरतात.

माझा अनुभव वाईट आहे म्हणून लिहिते. डर्माप्लेनिंग झाल्यावर लगेच त्याच बैठकीत पील लावलं. "दोन्ही एकत्र केलं की ग्लो जास्त" असं सांगितलं. वरचा थर आधीच खरवडलेला, त्यावर अ‍ॅसिड. रात्री आग आग झाली. त्यात दोन दिवसांनी माहेरची मंडळी आली म्हणून तारकर्लीला पाण्यात उतरले. गालांच्या उंचवट्यावर तपकिरी डाग पडले, ते जायला पाच महिने लागले. पैसे परत मिळाले नाहीत आणि वर ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही सनस्क्रीन लावलं नसेल. (नीट लावलं नव्हतं, हेही खरं.)

दवबिंदू

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण प्रश्न चांगले विचारलेत म्हणून लिहिते.

केस दाट होत नाहीत. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, पातं तिथवर पोचत नाही. लवेचं टोक निमुळतं असतं, ते कापलं की बोथट होतं, म्हणून उगवताना थोडं खरखरीत लागतं एवढंच. आईंचा समज जगभरच्या आयांचा आहे.

रंग उजळतो का, तर नाही. अगदी वरच्या मृत पेशींचा थर आणि लव जाते, पृष्ठभाग सारखा होतो आणि त्यावरून उजेड सारखा परततो. ती चकाकी. वांग, जुने डाग, खोल व्रण याने जात नाहीत. वरचा थर साधारण महिन्याभरात नवा येतो, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करायला सांगतात. पॅकेज एकदम घेऊ नका, एकदा करून कातडी काय म्हणते ते बघा.

सावळ्या कातडीला चालतं, हात कसलेला हवा. आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त असल्याने जरा जरी इजा झाली तरी डाग उठतो आणि महिनोन्महिने राहतो. सुरंगी यांचं तेच झालं. चेहऱ्यावर चालू पुटकुळ्या, इसब, सोरायसिस, ओठाच्या कडेला तापाचे फोड असतील तर पातं लावायचं नाही. व्रण जाड होऊन वाढायची सवय असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या काही महिन्यांत घेतल्या असतील, तर डॉक्टरला आधी सांगायचं. रेटिनॉलची क्रीम असेल तर काही दिवस आधी थांबवायची. हनुवटीवर जाड काळे केस आणि पाळी अनियमित असेल तर ते प्रकरण हॉर्मोन्सचं, त्यावर पातं हा इलाज नव्हे.

आता माझा प्रश्न, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लव "पूर्वी अशी नव्हती" आणि वर्षभरात वाढली, थ्रेडिंगने पुटकुळ्या, ब्लीचने आग, चुलीपाशी गाल तापतात. खाडीकाठ, तुम्ही चेहऱ्याला रोज काय लावता? सगळं सांगा. मेडिकलमधून आणलेलं काही?

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली डॉक्टरांका काय जाता सांगूक.

पाळी नियमित आहे. हनुवटीवर तसले केस नाहीत.

डॉक्टर, लावण्यात विशेष काही नाही. रविवारी डाळीचं पीठ, साय. बाहेर जाताना सनस्क्रीन, आठवण झाली तर. आणि रात्री एक नाईट क्रीम. मावसबहिणीने दिली होती दीड-दोन वर्षांपूर्वी, ती मुंबईला नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला आहे. आता इथल्याच मेडिकलमधून आणते, नाव सांगितलं की देतात. पहिल्या महिन्यात चेहरा इतका उजळला होता की पाहुणे विचारायचे. मधे संपली तेव्हा चार दिवस लावली नाही, तर खाज आणि लाली आली, म्हणून परत चालू केली. मला वाटलं, उन्हाने झालं असेल.

तुमचा प्रश्न वाचून आत्ता ट्यूब आणली. लाईट गेलीये, मोबाईलच्या उजेडात वाचतेय. शेपूट गुंडाळून गुंडाळून अर्धी अक्षरं गेलीत. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मग मोमेटा... पुढचं घडीत गेलंय, सोडवून बघते. मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्के. डाव्या कडेला उभी लाल रेघ आहे.

ही चांगली की वाईट?

दवबिंदू

पातं विसरा सध्या.

मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. ही तिहेरी क्रीम वांगावर डॉक्टर देतात, पण ठरावीक आठवडे, नजरेखाली. नाईट क्रीम म्हणून दीड-दोन वर्षं लावायची वस्तू ती नाही. ती लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने असल्या स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातलं ते याचसाठी. तरी काउंटरवर नाव सांगितलं की मिळतेच.

रोज लावून कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उष्णतेने आणि उन्हाने चेहरा पेटतो, पुटकुळ्या येतात. आणि चेहऱ्यावर लव वाढते. तुमची लव कदाचित इथूनच आली आहे. पातळ झालेल्या कातडीवर पातं फिरवलं तर सोलवटेल, आणि मग डाग.

दुसरी गोष्ट: घाबरून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. एवढ्या काळानंतर एकदम थांबवली की चेहरा उसळतो, तुम्ही ते चार दिवसांत अनुभवलंय. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूबसकट दाखवा, कशी उतरवायची ते ठरवून देतील. ओरोसला सरकारी रुग्णालयात विचारा, त्वचेच्या ओपीडीचा वार आधी फोन करून घ्या. खासगीत गेलात तर डॉक्टरची पदवी बघा, त्वचारोगातली एमडी किंवा डीडीव्हीएल ही पदविका, आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो तो बघा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" ही पाटी कुणीही लावतं.

अबोली_पुणे

बाप रे. माझ्या जावेकडे हीच ट्यूब आहे. फ्रीजच्या दारात, लोणच्याशेजारी.

काजूगर

डॉक्टरांनी सगळं सांगितलंच. पुढे कधी कुणी डर्माप्लेनिंग करणार असेल तर इकडच्या माणसाने दोन तारखा बघाव्यात. एक शिमगा. ताज्या खरवडलेल्या गालावर गुलाल आणि रंग नको, पालखी घरी येऊन गेल्यावरच काय ते करा. दुसरी आंब्याची तोड. देठाचा चीक साध्या कातडीला भाजतो, माझ्या मानेवर दोन वर्षांपूर्वीचा डाग अजून आहे. मे महिन्यातल्या लग्नात घरात आंब्याच्या पेट्या असणार आणि करवलीच आढी लावत बसणार, हे ठरलेलं.

सुरंगी

आणि झाल्यावर लिंबू, हळद, उटणं काही नाही. साधं मॉइश्चरायझर, भरपूर सनस्क्रीन, दोन-तीन दिवस ऊन आणि समुद्र बंद. मला कुणी सांगितलं असतं तर!

रापणकर

ताई, माझी आधीची ऑफर मागे घेतो. मेडिकलवाल्याला मात्र भेटून या एकदा.

खाडीकाठ

बारा दिवसांनी लिहितेय. मधे पाहुणे होते.

ओरोसला जाऊन आले. सकाळची एसटी, नंबर लागायला साडेअकरा. डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि "किती दिवस?" एवढंच विचारलं. भिंगातून गाल बघितले. नाकाच्या बाजूच्या लाल रेषा मला आरशात दाखवल्या. त्या मी रोज बघत होते आणि थंडीने आल्या असं समजत होते.

क्रीम एकदम नाही, एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं करत सहा आठवड्यांत बंद करायचीय. मधे चेहरा चिडेल, तेव्हा घाबरून परत रोज लावू नका असं दोनदा बजावलं. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन दर तीन तासांनी, चुलीपासून लांब. (शेवटचं कसं जमवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. आई म्हणाली भाकऱ्या मी भाजतंय.) लव कमी व्हायला काही महिने लागतील. डर्माप्लेनिंगचं विचारलं तर म्हणाले, कातडी सावरली की पुढच्या वर्षी बघू, लग्नासाठी नाही. लग्नात पावडर कमी आणि क्रीमवालं फाउंडेशन, एवढं मेकअपवालीला सांगून ठेवलंय. फोटोत लव दिसली तर दिसली.

आज सहावा दिवस. काल गाल फुललेले होते, ओल्या फडक्याने निभावलं.

मेडिकलवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, सगळे नेतात ताई, तुमचीच तक्रार आली.

मावसबहिणीला फोन केला. ती अजून लावतेय, तिच्या गालांवरही लव आहे, आणि तिने डर्माप्लेनिंगचं पॅकेज आधीच घेतलंय. पहिली बैठक येत्या शनिवारी. म्हणाली, पैसे भरलेत, आता काय करू. तिला हा धागा पाठवलाय. डॉक्टर, ती इथे लिहिणार नाही, लाजते. शनिवारच्या आधी तिने पैसे परत मागताना नेमकं काय सांगावं, दोन ओळी लिहाल का? मी तिला वाचून दाखवते.