एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसचा रात्रीचा बॅकअप थेट नासवर का जात नाही?

उद्यमबाग_ईडीपी:
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी ईडीपी (संगणक) विभाग सांभाळतो. स्टोअर, डिस्पॅच आणि हजेरी यांचा डेटा एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीच्या मोफत आवृत्तीवर) असून डेटाबेस सुमारे ६ जीबीचा आहे. नासवरील (नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रावरील) शेअर फोल्डर सर्व्हरवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले आहे. डी ड्राइव्हवर बॅकअप नीट होतो आणि ती फाइल हाताने झेडवर टाकताही येते; मात्र बॅकअपचा मार्ग थेट झेड दिला की ‘ऑपरेटिंग सिस्टम एरर ३’ येते. शिवाय एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) नसल्यामुळे वेळापत्रक कोठे लावावे, हाही प्रश्न आहे. आमची तिसरी पाळी रात्रभर चालते, तेव्हा बॅकअपसाठी एंट्री थांबवावी लागेल का?

खानापूरकर:
एंट्री थांबवण्याची गरज नाही, कारण डेटाबेस चालू असतानाच बॅकअप घेता येतो. डिस्कवर थोडा ताण येतो, इतकेच.

झेड ड्राइव्ह तुम्ही लॉगिन केल्यावर तुमच्यापुरता जोडला जातो. बॅकअपची फाइल मात्र तुम्ही लिहीत नाही, ती एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) स्वतःच्या खात्याने लिहिते, आणि त्या खात्याला झेड नावाचे काही दिसतच नाही. म्हणून ड्राइव्हच्या अक्षराऐवजी \\नास\बॅकअप अशा धर्तीचा पूर्ण नेटवर्क मार्ग द्या. त्यानंतर बहुधा ‘एरर ५’, म्हणजे परवानगी नाकारल्याची तक्रार येईल, कारण डोमेन (सर्व संगणकांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नसलेल्या ऑफिसात त्या सर्व्हिसच्या खात्याला नास ओळखत नाही. सर्व्हर आणि नास या दोन्हीकडे एकाच नावाचे आणि एकाच पासवर्डचे खाते तयार करून सर्व्हिस त्या खात्याखाली चालवली, की काम होते.

निपाणीकर:
खानापूरकरांचे निदान अचूक आहे. उपायाबाबत माझे मत वेगळे आहे. एवढ्यासाठी सर्व्हिसचे खाते बदलू नये. बॅकअप आधी डी ड्राइव्हवरच घ्यावा आणि पुरा झाल्यावर रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करण्याच्या कमांडने नासवर न्यावा. रात्री वीज गेली आणि स्विच बंद पडला, तर थेट नेटवर्कवर चाललेला बॅकअप अर्ध्यावर मोडतो. या पद्धतीत निदान डीवरची प्रत शाबूत राहते.

एजंटची उणीव विंडोजचा टास्क शेड्यूलर भरून काढतो. बॅच फाइलमधून (ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइलमधून) एसक्यूएल-सीएमडी, म्हणजे एसक्यूएलचे आदेश चालवणारी कमांड, चालवा आणि बॅकअपला चेकसमचा (डेटा बिघडला आहे का हे तपासण्याचा) पर्याय जोडा. फाइलच्या नावातील तारीख बॅच फाइलमध्ये तयार करू नका, कारण विंडोजचे प्रादेशिक सेटिंग बदलले की तिचे रूप बदलते आणि त्यात तिरकी रेघ आली की फाइलच तयार होत नाही. ती एसक्यूएलमध्येच कन्व्हर्ट या फंक्शनच्या ११२ क्रमांकाच्या शैलीने घ्या, म्हणजे आधी वर्ष, मग महिना आणि दिवस अशी सलग आठ अंकी तारीख मिळते. रोबोकॉपीला ‘मिर’ हा पर्याय चुकूनही देऊ नये: डीवरच्या फाइली कोणी पुसल्या, तर नासवरच्याही पुसल्या जातील.

टास्कमध्ये ‘यूजर लॉगऑन असो वा नसो’ हा पर्याय निवडा, पण त्याखालची ‘पासवर्ड साठवू नका’ ही खूण करू नका. ती केली की टास्कला नेटवर्कवरचे काहीच मिळत नाही.

जागेचा हिशेबही आधीच करा. एक्सप्रेसमध्ये बॅकअप आकसून घेण्याची सोय नाही, त्यामुळे १४ दिवसांच्या प्रती ठेवायच्या तर ८४ जीबीच्या आसपास जागा लागेल.

उद्यमबाग_ईडीपी:
आपण दोघांचेही आभार. निपाणीकरांच्या पद्धतीने टास्क लावला आणि फाइल नासवर पोहोचली, तरीही टास्क शेड्यूलरमध्ये शेवटच्या रनचा निकाल ०एक्स१ असा दिसतो. हे अपयश समजावे का?

निपाणीकर:
नाही. रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या आणि ० म्हणजे नवे काही न्यायचेच नव्हते. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच बिघाड समजावा. बॅच फाइलच्या शेवटी तशी अट घालून उरलेल्या सर्व वेळी शून्य परत पाठवा, नाहीतर रोजचा १ पाहून सवय होते आणि खऱ्या बिघाडाकडेही दुर्लक्ष होते. एसक्यूएल-सीएमडीलाही ‘बी’ हा स्विच द्या. त्याशिवाय बॅकअप फसला तरी बॅच फाइलला त्याचा पत्ता लागत नाही.

खानापूरकर:
खाते न बदलण्याचा मुद्दा मला पटला. आणखी दोन गोष्टी सुचवतो. डेटाबेसचे रिकव्हरी मॉडेल (लॉग, म्हणजे बदलांची नोंद, किती काळ जपायची हे ठरवणारे सेटिंग) पाहून घ्या. ते ‘फुल’ असेल आणि लॉगचा बॅकअप कधीच घेतला जात नसेल, तर लॉग फाइल वाढतच राहील. याउलट दर तासाला लॉग बॅकअप लावलात, तर दुपारी डिस्क गेली तरी साधारण तासाभराच्याच एंट्री पुन्हा कराव्या लागतील.

दुसरे म्हणजे ‘व्हेरिफाय-ओन्ली’ या बॅकअप तपासण्याच्या आदेशाने फाइल वाचता येते एवढेच कळते. महिन्यातून एकदा नासवरची प्रत दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून त्यावर चेक-डीबी (डेटाबेस आतून शाबूत आहे का हे तपासणारा आदेश) चालवा. त्या संगणकावर २०१९ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती असावी, कारण २०१७ वर ही फाइल उघडणार नाही. आणि नास त्याच इमारतीत असल्यामुळे आठवड्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन शहापूर किंवा टिळकवाडीत, कारखान्यापासून दूर, मालकांच्या ताब्यात ठेवावी.