बोरन्हाणाला साखर लावलेली फळं करायचीत, ओव्हन नाही, पोरं वीस. काल केली ती फसली!

ओजसची_आई
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी लेकाचं बोरन्हाण आहे, दीड वर्षाचा आहे, सोसायटीतली आणि नात्यातली धरून वीस तरी पोरं येतील, तीन वर्षांपासून दहापर्यंत, शिवाय काही रांगणारीही. डोक्यावरून घालायला चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हलवा, गोळ्या सगळं आणून झालंय, पण नंतर ताटलीत काय द्यायचं यावर अडकलेय. वेफर्स आणि केक नको वाटतंय, संक्रांतीचे दिवस, बाजार फळांनी भरलाय, म्हटलं फळांचंच काहीतरी छान दिसणारं करू. रील्समध्ये ती साखर लावलेली द्राक्षं असतात ना, दव गोठल्यासारखी दिसणारी, ती करायचीत. आणि स्ट्रॉबेरीला काचेसारखा कडक साखरेचा थर देतात ते पण.

तर काल ट्रायल घेतली. द्राक्षं धुतली, पिठीसाखरेत घोळवली, फ्रीजमध्ये ठेवली. अर्ध्या तासाने बघते तर ताटलीत पाक आणि त्यात द्राक्षं ओशाळल्यासारखी बसलेली. साखर गेली कुठे? घरी गॅस, मिक्सर, फ्रीज एवढंच आहे, ओव्हन नाही, आणि कार्यक्रम साडेचारला म्हणजे सकाळी करून ठेवता आलं तर बरं. पुण्यात असते.

मुलुंडची_मावशी
अगं पिठीसाखर नाही गं घ्यायची! ती इतकी बारीक असते की ओल लागली की विरघळलीच. आणि आपली नेहमीची जाड साखर पण नको, तिचे दाणे मण्याला धरत नाहीत, घरंगळून खाली पडतात. नेहमीचीच साखर मिक्सरला दोन-तीन झटके दे, सलग फिरवू नकोस, बारीक रव्यासारखी झाली की थांब. मग ती पिठाच्या चाळणीतून चाळ, खाली पडेल ती पिठी चहाला वापर, चाळणीत वर राहील ती आपली.

आता खरी गोष्ट. द्राक्षं धुतल्यावर कोरडी केलीस का? कोरडी म्हणजे पंचावर पसरून पंख्याखाली तासभर, मध्ये एकदा हाताने हलवून. देठाच्या जागी पाण्याचा थेंब अडकलेला असतो तिथूनच साखर सुटायला लागते, म्हणून मी देठ तोडतच नाही, कात्रीने एवढुसा ठेवते, मुलांना धरायलाही बरा. मग एका लिंबाचा रस वाटीत, द्राक्षं त्यात घोळवायची आणि लगेच चाळणीत निथळत ठेवायची पाच मिनिटं. नुसती ओलसर राहिली पाहिजेत, ओली नाही. मग ताटात साखर पसरून थोडी थोडी घोळवायची, एकदम सगळी टाकलीस तर साखरेचे गोळे होतात. अर्धा किलोला अर्धी वाटी साखर पुरते. उघडीच ठेव फ्रीजमध्ये, झाकण घातलंस की आत वाफ धरते आणि परत तेच रडगाणं.

काही जण अंड्याचा पांढरा बलक लावतात, त्याने थर जास्त टिकतो हे खरं, पण बोरन्हाणाला कच्चं अंडं कोण लावणार, आणि लहान मुलांना द्यायचंच नाही ते.

आंबट हवी असतील तर चार चमचे साखरेत पाव चमचा लिंबूसत्व मिसळ. माझी नात त्याला 'डोळे मिटायची द्राक्षं' म्हणते.

आळशी_बल्लव
मावशींनी द्राक्षांचं सगळं सांगितलंच आहे, मी त्या काचेच्या थराबद्दल सांगतो, म्हणजे करू नका हे सांगतो. त्याला थांगहुलू म्हणतात, उत्तर चीनमधला थंडीतला रस्त्यावरचा पदार्थ, तिकडे एक आंबट लाल फळ असतं ते काडीला ओवून पाकात बुडवतात. तिकडे हिवाळ्यात हवा कोरडी ठणठणीत, बाहेर फ्रीजसारखी थंडी, त्यामुळे थर तसाच कडक राहतो. मी केलं कांदिवलीत. राखीपौर्णिमेला. ऑगस्टमध्ये. पुढचं तुम्हाला कळलंच असेल पण सांगतोच, दोन वाट्या साखर एक वाटी पाणी, ढवळायचं नाही म्हणे (ढवळलं की परत साखर बनते, पहिला घाणा तसाच गेला), दुसऱ्या वेळी जमला, स्ट्रॉबेरी तेव्हा कुठून मिळणार म्हणून सफरचंदाच्या फोडी बुडवल्या, आणि ताटलीत ठेवल्या तेव्हा अक्षरशः काच, फोटो काढला, बहिणीला पाठवला. ती बोरिवलीहून येईपर्यंत सगळ्या फोडी ताटलीला आणि एकमेकींना चिकटलेल्या, उचलायला गेलो तर ताटली पण वर आली.

पुण्यात जानेवारीत जमेल कदाचित, हवा कोरडी असते. पण पाक 150 डिग्रीच्या आसपास जावा लागतो. थर्मामीटर नसेल तर चिक्कीची परीक्षा, गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा, बाहेर काढून वाटीत आपटला की टण्ण वाजला पाहिजे आणि दाताखाली चिकटता कामा नये, तट्कन तुटला पाहिजे. त्या वेळी तो हातावर उडाला तर तेलासारखा ओघळत नाही, चिकटून बसतो आणि भाजत राहतो. माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे. वीस पोरं घरात आणि ओट्यावर हे असलं काही नकोच. शिवाय तो थर फुटला की कडा धारदार असतात, तीन वर्षांच्या पोराला काय द्यायचं ते.

तासगावची_लेक
माहेरी बाग आहे म्हणून बोलते. जानेवारीत जी पहिली द्राक्षं येतात ती दिसायला मोठी असली तरी पुष्कळदा आंबट असतात, साखर पूर्ण भरलेली नसते, पण तुमच्या कामाला उलट तीच चांगली! गोड द्राक्षाला वरून साखर म्हणजे अगदी गोडमिट्ट होतं. हिरवीगार, दाबल्यावर कडक लागणारी घ्या. सोनाका लांबट असतं, कापायला आणि धरायला सोपं. काळी घेतलीत तर साखर त्यावर जास्त उठून दिसते, अर्धी हिरवी अर्धी काळी करा.

खोक्यात तळाला गळलेले मणी असतात ते स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, देठापाशी साल फाटलेली असते त्यांची. फाटलेल्या सालीतून साखर रस ओढून घेते, मग कितीही कोरडी करा, ताटलीत पाक होणारच. साल अख्खी असेल तर आतलं पाणी आत राहतं. स्ट्रॉबेरीचं दुखणं हेच, तिला म्हणावी अशी सालच नाही. मण्यावर पांढरट पावडरीसारखं दिसतं ते मात्र औषधच असतं असं नाही, द्राक्षाचा स्वतःचा मेणासारखा थर असतो तो. तरी धुवायचं तर आहेच, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग दोनदा साध्या पाण्याने.

ओजसची_आई
वा!! आता कळलं साखर गेली कुठे. मी धुऊन टॉवेलने टिपली आणि लगेच घोळवली होती, देठ तर सगळे तोडलेले. बल्लवदादा, काचेचा बेत रद्द, नवरा मागे उभा राहून तुमचा मेसेज वाचत हसतोय. मग स्ट्रॉबेरीचं काय करू? मामेभाऊ पाचगणीहून येणारे, दोन किलो आणतोय.

दोन_पोरांची_आई
मध्येच बोलते, सॉरी, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका प्लीज. गोल, गुळगुळीत आणि बरोबर घशाच्या मापाचं असतं, अडकलं तर खोकूनही निघत नाही. उभं चिरून चार फोडी करायच्या, आडवं कापून दोन चकत्या नाही, त्या पण गोलच राहतात. बोरन्हाणात बोरं, हलवा, गोळ्या खाली पडतात ना तेव्हा पण एक मोठं माणूस फक्त रांगणाऱ्यांवर नजर ठेवायला बसवा. आमच्याकडे धाकटीच्या वेळी सगळे फोटोत आणि ती निवांत बोराची बी चघळत बसलेली, तोंडात बोट घालून काढली मी.

ओजसची_आई
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. पण मग चिरलेल्या द्राक्षाला साखर लावली की पाणी सुटणार ना?

मुलुंडची_मावशी
सुटणारच. लहानांना बिनसाखरेची चिरून दे, त्यांना कुठे कळतंय. नाहीतर केळं! केळ्याचे छोटे तुकडे, त्यावर लिंबाचे चार थेंब म्हणजे काळं पडत नाही, आणि सुक्या खोबऱ्याच्या बारीक किसात अगदी चमचाभर पिठीसाखर घालून त्यात घोळवायचे. दहा मिनिटं आधी कर, आदल्या दिवशी नाही. स्ट्रॉबेरी कापू नकोस, हिरवी टोपी तशीच ठेव, धुऊन कोरडी करून डब्यात टिश्यू घालून फ्रीजमध्ये. पोरं ताटावर बसली की वाटीत साखर ठेव, ज्याची त्याने टोक बुडवून खावी. निम्मं काम पोरं करतात आणि त्यांना त्याचीच मजा वाटते.

म्हापशाची_माई
सकाळी काय, चार दिवस आधी करून ठेवता येईल असं सांगू? पेराद, म्हणजे पेरूच्या वड्या. मी मूळची म्हापशाची, आता ठाण्यात. शेजारच्या मावशी नाताळात ताट पाठवायच्या, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि त्यात लालसर तपकिरी वड्या साखरेत घोळवलेल्या, आम्ही भावंडं आधी त्यावर तुटून पडायचो आणि मग आईसाठी दोदोल उरायचा. आईनं मग दिवाळीत चकलीच्या बदल्यात त्यांच्याकडून कृती आणली.

पेरू पिकलेले, वास सुटलेले पण मऊ लिबलिबीत नकोत, एक किलो. फोडी करून अगदी थोडं पाणी घालून शिजवायचे, कुकरला दोन शिट्ट्या. गार झाले की चाळणीवर वाटीने घासून घासून गर खाली पाडायचा, बिया वर राहतात. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवायचा आळस करू नका, वडी कचकच लागते. गर वाटीने मोजा, जेवढा गर तेवढीच साखर, कमी गोड हवं तर पाऊण. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत बसायचं. मिश्रण घट्ट व्हायला लागलं की ज्वालामुखीसारखं उडतं, लांब दांड्याचा उलथना घ्या आणि हातावर पंचा गुंडाळा. एका लिंबाचा रस, शेवटी चमचाभर तूप. पेरूत स्वतःचाच चिकटपणा असतो, आगर-जिलेटिन काही लागत नाही. पाऊण तास तरी लागतो. कडा सोडून गोळा कढईभर उलथन्यामागे फिरायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापा, रात्रभर ठेवा, शंकरपाळ्यासारखं कापा आणि कापून झाल्यावरच साखरेत घोळवा. गरम असताना घोळवलंत तर तुमची पिठीसाखर झाली तेच होईल. घट्ट डब्यात दोन आठवडे छान राहतं. लहानांना द्यायचं तर नखाएवढे तुकडे करा, चिकट असतं.

आळशी_बल्लव
माई, पाऊण तास ढवळायचं म्हणता आणि माझं नाव वाचलंत का?

म्हापशाची_माई
वाचलं म्हणूनच सांगितलं. बायकोला सांगू नको, स्वतः ढवळ.

बेरीज_वजाबाकी
सगळं छान आहे पण वीस मुलांना हलवा, गोळ्या, वर साखरेची द्राक्षं, वर पेराद, थोडं जास्त नाही का होत? टीका म्हणून नाही, घरी दोन रात्री न झोपलेली पोरं बघितलीत म्हणून विचारतो.

मुलुंडची_मावशी
वर्षातून एकदा होतं हो. ताटलीत पाच द्राक्षं, एक वडी, एक स्ट्रॉबेरी, सोबत तिखटमिठाचे मुरमुरे. पोरं काही किलोभर खात नाहीत, निम्मं पायाखाली जातं.

ओजसची_आई
मंडळी, रविवार पार पडला, रिपोर्ट देते.

द्राक्षं एक किलो केली, अर्धी हिरवी अर्धी काळी. सकाळी धुऊन पंख्याखाली दोन तास, दुपारी एक वाजता साखर, मग फ्रीजमध्ये उघडी. साडेचारला काढली तेव्हा एकूण एक पांढरी कोरडी! सहाला जी चार-पाच उरली होती ती पण नुसती दमट झाली होती, पाक नाही. मोठ्या पोरांनी लिंबूसत्वाची आधी संपवली, कोण डोळे न मिटता खातंय याची स्पर्धा लावून, त्यामुळे साधी मागे राहिली. पुढच्या वेळी उलटं प्रमाण.

स्ट्रॉबेरी-साखरेची वाटी हा प्रकार हिट, पण तीन वाट्या ठेवा, एकच ठेवली तर भांडणं होतात. एकाने बुडवून, चाटून, परत बुडवली. ती वाटी मग त्याचीच झाली.

पेराद शुक्रवारी रात्री केलं. माई, मी थोडं आधी उतरवलं, हात दुखायला लागला म्हणून, तर कापताना सुरीला चिकटत होतं. शनिवारी परत कढईत टाकून पंधरा मिनिटं आटवलं, मग जमलं. रंग सुंदर आला, पेरू आतून गुलाबी मिळाले होते. सासूबाई आधी म्हणाल्या हे काय पेरूचं साठं का, आमच्या रत्नागिरीला आंब्याचं असतं. मग गप्प झाल्या. सोमवारी उरलेला डबा ओट्यावर नव्हता, शोधला तर देवघराखालच्या कपाटात उदबत्त्यांच्या मागे.

रांगणाऱ्यांवर नजर ठेवायला दिराला बसवलं होतं, त्याने एका मुलीच्या तोंडातून बोर आणि दुसऱ्याच्या तोंडातून हलव्याच्या बाजूबंदाचा दोरा काढला. दोन_पोरांची_आई, तुमचे खास आभार.

आणि उत्सवमूर्तीने हलव्याचा मुकुट पहिल्या मिनिटात ओढून काढला, केळ्याच्या तुकड्यावरचं खोबरं तेवढं चाटलं आणि केळं माझ्या हातात परत दिलं.