जुन्या हापूस बागेच्या छाटणीबाबत मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. राजापूर तालुक्यातील बरीच वर्षे बंद असलेल्या वडिलोपार्जित घरी आम्ही उभयता यंदा कायमचे राहावयास आलो असून, घरामागची हापूसची जुनी बाग पुन्हा उभी करावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. झाडे अतिशय उंच वाढून एकमेकांत गुंतली आहेत. त्यामुळे आतील फांद्यांना ऊन मिळत नाही व मोहोर शेंड्यालाच येतो. अशा झाडांची छाटणी करून त्यांचे पुनरुज्जीवन करता येते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या विषयावर काम केले आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु काही बुंध्यांशी भुसा पडलेला दिसतो, म्हणजे खोडकिडा आत शिरलेला असणार, शिवाय बांडगुळेही पुष्कळ आहेत. आधीच अशक्त झालेले झाड मोठी छाटणी सोसेल का, की प्रथम किडीचा बंदोबस्त करून एक पावसाळा थांबावे? सर्व झाडे एकदम छाटल्यास काही वर्षे उत्पन्नच मिळणार नाही, म्हणून दरवर्षी थोडीथोडी घ्यावीत, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. येथे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही जांभ्या खडकातून पाणी झपाट्याने झिरपून जाते आणि मे महिन्यात विहीर तळ गाठते, असे शेजारी सांगतात. वरच्या कातळावर अस्तर घातलेले शेततळे करणे अशा जागी कितपत टिकाऊ ठरते? कोकणात हे प्रत्यक्ष केलेल्या बागायतदारांनी, विशेषतः छाटणीचा महिना व उंची यांविषयी, कृपया सविस्तर लिहावे.