शेजाऱ्याहून खोल बोअर घ्यावे, की पाणी वाटून वापरावे?

प्रश्न :
एकाच ओढ्याच्या काठी आम्हा पाच जणांच्या डाळिंबाच्या बागा आहेत. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी माझ्या विहिरीपासून जेमतेम दीडशे फुटांवर बोअर घेतले आणि पूर्वी सलग दोन तास चालणारी माझी मोटर वीस मिनिटांतच हवा ओढू लागली. आपणही त्यांच्याहून खोल जावे, असे घरचे म्हणतात; पण मला बाग वाचवायची आहे. पाचही जणांनी मिळून पाणी वापरणे खरोखर जमते का?

पहिले उत्तर :
खोल जाऊ नका, ही कळकळीची विनंती. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड कातळ लागल्यावर पैसा वाया जातो. आम्ही भावाभावांनी ईर्षेने तीन बोअर घेतले. तिसऱ्यातून दुपारपर्यंत नुसती राखाडी भुकटी उडत राहिली आणि कर्ज तेवढे उरले. शिवाय 2009 च्या राज्य भूजल कायद्यानुसार शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे.

दुसरे उत्तर :
जमते, मात्र नियम आधी ठरले पाहिजेत. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते देण्याचे ठरले. भूमिहीनांनाही त्यात वाटा होता आणि ऊस वर्ज्य होता. मला यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की ज्याचे शेत मोठे त्याचा हक्क मोठा, हे तिथे कोणी गृहीत धरले नाही.

तिसरे उत्तर :
ज्याच्या विहिरीला पाणी जास्त, तो सहजासहजी बैठकीला येत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून वाटपाचा विषय लगेच काढू नका. दर पंधरा दिवसांनी एकाच सकाळी पाचही विहिरींत दोरी सोडून पातळी मोजा आणि सर्वांसमोर वहीत लिहा. हिवरे बाजारातही दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच ग्रामसभा पिके ठरवते.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. काल शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. त्यांचे बोअरही आता तासाभरात थांबते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. रविवारी सकाळी सात वाजता दोरी घेऊन ते माझ्या विहिरीवर येणार आहेत; उरलेल्या तिघांना आम्ही दोघे मिळून बोलावणार आहोत.