धिंड काढून पोरं सुधारतात का?

गोदाकाठची:
परवा संध्याकाळी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीतून पोलिसांनी चार पोरांना पायी फिरवलं. आठ दिवसांपूर्वी याच गल्लीत कोयते नाचवून त्यांनी तीन गाड्या फोडल्या होत्या. प्रत्येक बाल्कनीतून मोबाइल रोखलेले. त्या चौघांतला एक माझा विद्यार्थी. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता, फळा पुसायला रोज हाच पुढे. आता एकोणीस वर्षांचा आहे. त्यानं वर पाहिलं, मला ओळखलं आणि मान खाली घातली. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ गाणं लावून शहरभर फिरला.

गाड्या फोडल्याची शिक्षा त्याला झालीच पाहिजे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये मांडलं होतं की एकदा शिक्का बसला की लोक माणसाशी शिक्क्याप्रमाणे वागतात आणि हळूहळू तोही स्वतःला तसाच समजायला लागतो. सरळ मित्र तुटतात, उरतात ते शिक्केवाले. व्हिडिओखाली त्याच्या टोळीतल्या पोरांनी 'भाऊ' लिहून बदाम टाकलेत. आपण जिला लाज समजतोय, ती तिथे पदवी झाली आहे.

आणखी एक. शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास १९४२ मध्ये छापला. शहराच्या मध्याजवळच्या काही वस्त्यांत बालगुन्हेगारी कायम जास्त. राहणारे बदलले, एका देशातून आलेले गेले, दुसऱ्या देशातले आले, तरी चित्र तेच. म्हणजे खोट रक्तात नव्हती. त्याच शहरात १९९७ मध्ये सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्या तपासल्या. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा आहे आणि दुसऱ्याच्या पोरालाही हटकलं जातं, तिथे गरिबी तेवढीच असली तरी हिंसा कमी आढळली. आमच्या गल्लीत पूर्वी ओट्यावर बसणाऱ्या चार आजी कुणालाही थांबवून विचारायच्या, 'कुणाचा रे तू?' आता ओटे नाहीत, पार्किंग आहे. मला वाटतं, पोरं तिथे निसटली.

अंबड_लिंकरोड:
ताई, तुम्हाला विद्यार्थी आठवतो. मला माझ्या मुलाची गाडी आठवते. रात्री दोनला जाग आली ती जळक्या रबराच्या वासानं. खाली येईपर्यंत सीट वितळून टाकीवर ओघळली होती. अकरा हप्ते बाकी होते. ती गाडी घेऊन तो कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायचा.

माझं किराणा दुकान आहे. वाढदिवसाच्या नावाखाली पोरं वर्गणी मागायला येतात. पावती नसते आणि 'नाही' म्हटलेलं चालत नाही. २०२५ मध्ये पोलिसांच्या गुंडांवरच्या कारवाईत 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' ही घोषणा गाजली, तेव्हा पहिल्यांदा महिनाभर कुणी गल्ल्यासमोर उभं राहिलं नाही. शिकागोचं शिकागोत. आमच्याकडे भीतीनं काम केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि गरिबीचं कारण मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उत्पन्न वाढलं आणि चोऱ्याही वाढल्या. त्याचं उत्तर कोहेन आणि फेल्सन या अभ्यासकांनी १९७९ मध्ये दिलं. गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाताशी लागणारी वस्तू आणि राखणदार नसणं, या तीन गोष्टी एका जागी आल्या की गुन्हा होतो. लोक दिवसभर घराबाहेर, घरात सहज उचलता येतील अशा वस्तू. आपल्याकडे रस्त्यावर लावलेल्या गाड्या, बंद पडलेले दिवे आणि राखायला कुणी नाही. दिवे लावा, गस्त वाढवा, कॅमेरे चालू ठेवा. पोराच्या मनात काय चाललंय ते नंतर बघू.

इगतपुरी_लोकल:
अंबडभाऊंशी सहमत. मीही पत्र्याच्या खोलीत वाढलो. आई द्राक्षबागेत थिनिंगला जायची. आम्ही दोघं भाऊ, ताट एक, शाळा एक. मी रेल्वेत लागलो, भाऊ दोनदा आत जाऊन आला. परिस्थिती दोघांना सारखीच होती ना? मग निवड त्याची. प्रत्येक गोष्टीला समाज जबाबदार धरला तर माझ्या कष्टांचं मोल काय?

गोदाकाठची:
@इगतपुरी_लोकल, तुमचे कष्ट कुणीही काढून घेऊ शकत नाही, आणि तुमच्या आईचेही. पण प्रश्न उलटा करून बघा. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन अभ्यासकानं १९६९ मध्ये तेच केलं. माणूस गुन्हा का करतो, यापेक्षा बहुतेक लोक का करत नाहीत, असं त्यांनी विचारलं. त्यांना सापडले ते बंध. कुणाबद्दल तरी माया, गमावण्यासारखं काहीतरी, दिवस भरलेला आणि नियमांवर विश्वास. एका ताटात जेवलेल्या दोन भावांचे हे बंध एकसारखे असतीलच असं नाही. तुम्हाला एखादे मास्तर भेटले असतील, त्याला भेटले नसतील. राग मानू नका, तुमच्या भावाची शाळा कधी सुटली?

इगतपुरी_लोकल:
आठवीत. मी तेव्हा नाशिकला वसतिगृहात होतो.
वडील गेले त्या वर्षी.

रविवार_कारंजा:
मी फौजदारी वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर.

ताई, आधी तुमच्यासाठी. ते चौघं प्रौढ असतील असं धरलंय, पण त्यांत कुणी अठराच्या आतला असेल तर त्याची ओळख पटेल असा व्हिडिओ पसरवणं बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. शेअर करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अंबडभाऊ, तुमच्या भीतीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण भीती कशाची वाटते ते बघा. बेकारिया या इटालियन विचारवंतानं १७६४ मध्येच लिहिलं की शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती होणारच, ही खात्री गुन्हा रोखते. नंतरच्या अभ्यासांतूनही साधारण हेच निघालं. आमच्याकडे खात्री नेमकी कुठे गळते, ते मी रोज पाहतो. पंच फितूर होतो. फिर्यादी चौथ्या तारखेनंतर येत नाही. त्या दिवशी रस्त्यावर फिरवलेला पोरगा तीन वर्षांनी निर्दोष सुटतो आणि गल्लीत फटाके लावतो. धिंड दिसते लगेच, म्हणून आपल्याला न्याय झाल्यासारखं वाटतं. खटला रेंगाळतो तो कुणालाच दिसत नाही.

तडीपारीचंही सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दपार करता येतं. टोळीप्रमुखासाठी ती हवीच. पण विशीतल्या पोराला तडीपार केलं की त्याचं घर सुटतं, काम सुटतं, आणि परगावी त्याला उभं करतात ते धंद्यातलेच लोक. बॉस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांची जुनी माहिती सॅम्पसन आणि लॉब यांनी पुन्हा चाळली, त्यांची म्हातारपणापर्यंतची आयुष्यं पाहिली. जे गुन्ह्यांतून बाहेर पडले, ते बहुतेक टिकाऊ नोकरी, चांगला संसार किंवा सैन्यामुळे. आपण नेमकं तेच तोडतो.

वाट_पायाखालची:
शिक्क्याबद्दल मी बोलू का? आमची जमात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातली. त्या कायद्यानं गुन्हा न करताच जन्मतः गुन्हेगार ठरवलं. आजोबा लहानपणी तारेच्या कुंपणाआत हजेरी द्यायचे. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, आम्ही 'विमुक्त' झालो. अजूनही आसपास घरफोडी झाली की पहिली जीप आमच्या पालांवर येते. मी पदवीधर आहे. भाड्याची खोली बघायला गेलो की जात विचारतात, आणि मग 'खोली कालच गेली' म्हणतात.

अंबडभाऊ, तुमची गाडी जाळली त्याला सोडा, असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही म्हणता भीती काम करते. ती आमच्यावर दीडशे वर्षं वापरली. भीतीनं माणूस लपायला शिकतो एवढं मी माझ्या घरात पाहिलंय.

अंबड_लिंकरोड:
@वाट_पायाखालची, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. जातीवरून संशय घेणं चूक, हजारदा चूक. पण मी करणाऱ्याबद्दल बोलतोय, जन्माबद्दल नाही.

आणि ताई, चांगल्या हेतूनं केलेल्या गोष्टी चांगल्याच होतात असंही नाही. अमेरिकेतच १९३९ मध्ये सुमारे पाचशे मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी शोध घेतला तर मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतींत उलट वाईट निघाली. त्यामुळे 'पोरांना समजून घ्या' एवढ्यानं माझं समाधान होत नाही.

गोदाकाठची:
तो प्रयोग मला माहीत आहे, आणि तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. त्यात जास्त बिघडली ती पुन्हा पुन्हा शिबिरांना पाठवलेली मुलं, असं पुढच्या तपासणीत दिसलं. बिघडलेल्या पोरांना एकत्र कोंबलं की ती एकमेकांकडूनच शिकतात. गुन्हा माणूस जवळच्यांकडून शिकतो, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड सांगून गेलेच होते. म्हणून मी नवा उपक्रम मागत नाहीये. एका पोरामागे गुन्ह्याबाहेरचं एक माणूस आणि एक काम, इतकंच मागतेय.

सातपूर_युनिट:
सगळा धागा वाचला. माझं छोटं मशीन शॉप आहे, चौदा कामगार. भरतीला चारित्र्य पडताळणी मागावीच लागते, कारण आम्ही ज्यांना माल देतो ती कंपनी मागते. दाखल्यावर गुन्हा दिसला की अर्ज बाजूला, पोरगा काय सांगतो ते आम्ही ऐकतच नाही. आजवर मला यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. आतल्या युनिटमध्ये नाही घेता येणार, पण पॅकिंगला तशी अट नाही. ताई, तो पोरगा काही शिकलाय का?

अंबड_लिंकरोड:
साहेब, तुम्ही घ्या, तुमचं मन मोठं. मी माझ्या दुकानात त्याला उभा करणार नाही, आज तरी नाही. पण वकीलसाहेबांचं एक पटलं. माझ्या गाडीच्या केसमध्ये मी दोन तारखांना गेलोच नव्हतो. दुकान बंद ठेवावं लागतं म्हणून. पुढच्या तारखेला जाईन.

गोदाकाठची:
@सातपूर_युनिट, आयटीआय फिटर, पहिलं वर्ष पास. दुसऱ्या वर्षात सोडलं. आज त्याच्या आईला भेटून येते आणि रात्री इथे लिहिते.