मळ्याच्या पिकात आंतरपीक घ्यायलाच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

कोयताधार
माड घ्या, सुपारी घ्या, कॉफी घ्या, रबर घ्या, कुणालाही विचारा मळा कसा सांभाळायचा, पहिलं उत्तर ठरलेलं: मधली जागा मोकळी ठेवू नका, खाली हे लावा, वर ते चढवा, चार मजले करा. मला हा सल्लाच उलटा वाटतो. मळ्याची पिकं एकदा लावली की तीस, चाळीस, साठ वर्षं त्याच जागी उभी राहतात, त्यामुळे पहिला नियम मुख्य झाडाची तब्येत, बाकी सगळं नंतर. मिश्र मळ्यात प्रत्यक्षात काय होतं बघा, खत एकाच्या नावाने येतं आणि चौघं वाटून खातात. मोठ्या माडाला वर्षाला साधारण 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि 1200 ग्रॅम पालाश लागतं, हा फक्त माडाचा हिशेब झाला. खालच्या केळीचं, कोकोचं, मिरीचं वेगळं. ते वेगळं कोण टाकतं? कुणी नाही. मग चार वर्षांनी माड बारीक दिसायला लागला की म्हणायचं जमीन थकली.

शिवाय काढणीची गंमत राहिलीच. माडावर मिरीचा वेल चढवला की पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) पाय ठेवायला जागा नाही, तो वेल ओरबाडत वर जातो नाहीतर येतच नाही. आणि वरून पिकलेला नारळ नाहीतर सुकलेली झावळी खालच्या कोकोवर पडली की फांदी मोडलीच म्हणून समजा.

दाटछाया
खत टाकलं नाही हा आंतरपिकाचा दोष की मालकाचा? 😀 असं बघा, माड 7.5 मीटरवर लावला तर एका झाडाच्या वाट्याला 56 चौरस मीटर जागा येते. त्याची कामाची मुळं बहुतेक बुंध्यापासून 2 मीटरच्या आत असतात. त्या गोलाचं क्षेत्रफळ काढा, साडेबारा चौरस मीटर. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त जमीन माड धड वापरतच नाही, तिथे तुम्ही काही लावलं नाही तर तण लावतंच. आणि तण फुकट खातं. दोन ओळींच्या मधोमध एकदा खड्डा खणून बघा, माडाची दोरीसारखी मुळं तुरळक सापडतील, बाकी सगळं गवताचं जाळं.

दुसरं, एकच पीक मैलोन्‌मैल लावल्यावर काय होतं ते सिलोनने बघितलंय. 1869 मध्ये कॉफीवर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथली कॉफी जवळजवळ संपली, त्या जागी चहा आला. ब्राझीलमध्ये मोटारवाल्या फोर्डने 1928 पासून टापाजोस नदीकाठी रबराचा प्रचंड मळा उठवला. जंगलात रबराचं झाड लांब लांब विखुरलेलं असतं, इथे ओळीत खेटून लावलं, पानकरपा आला आणि पसरला, शेवटी 1945 मध्ये सगळं विकून मोकळे झाले.

कोयताधार
फोर्डचं उदाहरण सगळे देतात पण अर्धं देतात. तेच रबर मलेशिया, इंडोनेशिया, थायलंडमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ मोठ्या मळ्यांत एकपीक म्हणूनच उभं आहे, ओळीत, खेटून. तिथे का नाही मेलं? कारण तो करपा अमेरिका खंडाबाहेर पसरू दिलेला नाही. म्हणजे झाड वाचतंय ते क्वारंटाईनमुळे, मध्ये केळी लावल्यामुळे नाही. आणि ब्राझील आज जगात सगळ्यात जास्त कॉफी पिकवतो ती बहुतांश उघड्या उन्हात, मशीनने फळं झाडून काढायची सोय ठेवून. सावलीची झाडं मध्ये असती तर मशीन फिरलं असतं का?

आणि रोगाचंच बोलायचं तर फायटोफ्थोरा हे नाव ऐकलंय का? पाल्मिव्होरा जातीची ही बुरशी माडाचा कोंब कुजवते आणि कोकोची शेंगही काळी करते. तुम्ही दोघांना एकत्र आणून तिची पंगत बसवलीत. मिश्र म्हणजे सुरक्षित हे गणित इतकं सोपं नाही.

हिशेबी
दोघंही एका वयाच्या मळ्याबद्दल बोलताय असं वाटतंय. माडाच्या मळ्यात उजेड सगळं आयुष्यभर सारखा नसतो. पहिली सातेक वर्षं झाड बुटकं, मध्ये भरपूर ऊन, काहीही लावा. साधारण आठ ते पंचवीस वर्षं झावळ्या एकमेकांत शिरतात, खाली सगळ्यात कमी उजेड, तेव्हा भाजीपाला लावणारा रडणारच. पंचविशीनंतर खोड उंच जातं, ऊन तिरकं आत येतं, तेव्हा कोको, मिरी, जायफळ बसतं. ज्याने मधल्या वयात लावलं तो म्हणतो आंतरपीक फसवं, ज्याने उतारवयात लावलं तो म्हणतो सोनं. रबरात तर ही मुदत फारच छोटी, पहिली तीन-चार वर्षं, नंतर खाली अंधार.

अंतर ठरतं ते पहिल्या दिवशी, तेव्हा चार मजल्यांचा विचार कुणी करत नाही, हे खरं दुखणं आहे. तेलमाड 9 मीटर त्रिकोणात लावला की हेक्टरी 143 झाडं बसतात, चौकोनात तेवढ्याच अंतरावर 123. वीस झाडं जास्त म्हणून सगळे त्रिकोणाकडे धावतात. तेलमाडासाठी बरोबरच आहे, पण ज्याला पुढे मध्ये काही घ्यायचंय त्याने दोन ओळींमधलं अंतर रुंद सोडायला हवं, झाडांची संख्या तीच ठेवून. काजूत उलट करतात, आधी 4 मीटरवर दाट लावायचं, हेक्टरी 625, आणि फांद्या भिडल्या की एकाआड एक काढून विरळणी करायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात फळ देणारं झाड तोडायला हात कुणाचा उठतो? मग दाट मळा दाटच राहतो आणि आतल्या फांद्या वाळतात.

चहाकडचा
सावलीवर भांडताय म्हणून लिहितो. चहात याचं एकच उत्तर नाहीच. सखल, गरम भागात पानाचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की पान काम कमी करतं, तिथे सावलीची झाडं पाहिजेतच. केनियाच्या उंच डोंगरावर बहुतेक चहा सावलीशिवाय आहे आणि छान चाललाय. कॉफीतही तसंच. ऊन फार पडलं की अरेबिकाच्या खोडाला पांढरा खोडकिडा लागतो, त्याची मादी उन्हातल्या खोडावर अंडी घालते. सावली फार झाली की फळ पोखरणारा भुंगेरा वाढतो. म्हणजे सावली ठेवायची की नाही हा प्रश्नच चुकीचा, किती ठेवायची आणि कधी छाटायची हा खरा प्रश्न. सावलीचं झाड लावून विसरून जाणारे आणि ते मुळापासून तोडणारे, दोघांनाही छाटणीचा कंटाळा असतो असं माझं प्रामाणिक मत.

दाटछाया
@चहाकडचा एकदम बरोबर, आणि त्यात एक भर. उघड्या उन्हात कॉफीला एका वर्षी इतकी फळं लागतात की झाड स्वतःचा साठा रिकामा करतं, फांद्या टोकाकडून वाळत येतात, पुढच्या वर्षी ठणठण. सावली हा ब्रेक आहे. ब्राझीलला तो ब्रेक नको असतो कारण ते खताचा मारा करतात आणि झाड थकलं की बुडातून छाटून नवं फुटवं घेतात. ज्याच्याकडे तेवढं खत नाही, मशीन नाही, त्याने ब्राझीलची नक्कल करून काय मिळवायचं?

कोकोचं तर विचारूच नका. त्याचं फूल नखाएवढं, परागीकरण करतात चिलटासारख्या बारीक माश्या, आणि त्या वाढतात कुजक्या ओल्या पाल्यात. स्वच्छ झाडलेला मळा दिसायला देखणा, पण माशीला घरच नाही. पाला झाडून पेटवून देणारे बघितले की डोकं फिरतं.

कोयताधार
पाला पेटवायचं मी कधीच म्हटलं नाही, ते माझ्या तोंडी घालू नका. माझा विरोध विकायच्या दुसऱ्या पिकाला आहे, जमीन झाकायला नाही. रबराच्या कोवळ्या मळ्यात प्युरेरिया किंवा म्युकुना पसरवतात, ती वेल नत्र जमवते, माती धरून ठेवते, तण दाबते आणि बदल्यात काही मागत नाही. फक्त झाडाच्या बुंध्यावर चढू द्यायची नाही, तेवढा कोयता मारावा लागतो. कंद किंवा मका घेतला तर तो जमिनीतलं घेऊन बाहेर जातो. हा फरक तुम्ही लोक एकत्र करून टाकता.

हिशेबी
फरक मान्य, पण माणूस सहा-सात वर्षं खाणार काय? रबराचं खोड जमिनीपासून सव्वा मीटरवर 50 सेंटीमीटर घेराचं होईपर्यंत चीक काढायचा नाही असा नियम आहे, आणि घाई केली तर झाड आयुष्यभर खुरटतं. ज्यांना मधे काहीच मिळत नाही तेच आधी सुरी लावतात. पहिल्या तीन वर्षांत केळीचे चार घड मिळाले तर तो माणूस थांबू शकतो, म्हणजे तुमच्या लाडक्या मुख्य झाडाचाच फायदा. वरून रोज रोज चीक काढला की साल तपकिरी पडून चीक बंद होतो, तो वेगळाच धागा होईल.

नवखा_माडवाला
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. माझे माड बारा-तेरा वर्षांचे, 7.5 मीटरवर, खाली गवत. लावू की नको?

कोयताधार
नको. आधी 2 मीटरचं आळं नीट करा, खत दोन हप्त्यांत द्या, सोडणांचे (नारळाच्या सालींचे) थर पुरा, ओल टिकते. गेंड्या भुंग्यासाठी कोंब बघत चला, पानाला कात्रीने कापल्यासारखा आकार दिसला की तो आलाय, आणि जवळ शेणाचा जुना ढीग असेल तर त्याची पिल्लावळ तिथेच सापडेल.

दाटछाया
या वयात विकायचं पीक मीही सांगणार नाही, उजेडच नाही. पण गवत ठेवू नका, आळ्यात पावसाच्या सुरुवातीला चवळी पेरा आणि फुलावर आली की तिथेच गाडा. दहा-बारा वर्षांनी ऊन आत यायला लागेल तेव्हा कोकोचं बोलू.

कोयताधार
चवळी चालेल. गाडताना कुदळ खोल घालू नका, मुळं तुटतात. आणि कोकोचं बोलायला मी तेव्हाही येणारच आहे.