बगदादच्या ज्यूंच्या बातमीला पॅलेस्टाइनचा परिच्छेद लागतोच का?

रात्रपाळी (धागालेखक)

दरवर्षी ३० नोव्हेंबरच्या आसपास वृत्तसंस्थांची एक कॉपी येते. अरब देश आणि इराण सोडावा लागलेल्या ज्यूंचा स्मृतिदिन इस्रायलमध्ये त्या दिवशी पाळतात. २०१४ साली तिथल्या संसदेने तसा कायदा केला. कॉपीचा साचा ठरलेला असतो. पहिल्या परिच्छेदात कार्यक्रम, दुसऱ्यात 'साडेआठ लाख ज्यू', आणि तिसऱ्यात हमखास '१९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनीही विस्थापित झाले'.

माझं म्हणणं असं की हा तिसरा परिच्छेद उपसंपादकाने बिनदिक्कत कापावा. त्याला समतोल म्हणायचा प्रघात आहे, पण ती सवय आहे, आणि थोडी भीतीही. कोणी पक्षपाती म्हणू नये म्हणून टाकलेली ओळ.

बगदाद घ्या. १ आणि २ जून १९४१. रशीद अलीचं जर्मनधार्जिणं सरकार कोसळलेलं, तो पळालेला, ब्रिटिश फौज वेशीवर येऊन थांबलेली. त्या पोकळीत दोन दिवस ज्यूंची घरं-दुकानं लुटली गेली, माणसं मारली गेली. फरहूद म्हणतात त्याला. मेलेल्या ज्यूंचा आकडा साधारण १८० धरतात. इस्रायल तेव्हा अस्तित्वात यायचा होता. सप्टेंबर १९४८ मध्ये शफीक अदस या धनाढ्य व्यापाऱ्याला इस्रायलला शस्त्रं पुरवल्याच्या आरोपावरून बसऱ्यात त्याच्याच घरासमोर फाशी दिलं. मार्च १९५० मध्ये कायदा आला: नागरिकत्व सोडा आणि जा. लोकांनी नावं नोंदवली. मार्च १९५१ मध्ये दुसरा कायदा आला आणि नागरिकत्व सोडलेल्यांची मालमत्ता गोठवली. आधी सही घेतली, मग तिजोरीला कुलूप लावलं. साधारण १ लाख २० हजार माणसं विमानांनी गेली.

हा क्रम सांगायलाच तीन परिच्छेद लागतात. ती जागा आपण एका आकड्याला देऊन टाकतो.

टपरीवरचा

विदर्भात कापसाला भाव नाही आणि आपण बगदाद घेऊन बसलोय. चालू द्या.

सरळरेष

रात्रपाळी, असहमत, आणि सविस्तर असहमत.

३० नोव्हेंबर ही तारीखच का? २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव झाला, त्याचा हा दुसरा दिवस. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीच हा स्मृतिदिन पॅलेस्टाइनच्या प्रश्नाला खेटून बसवलाय. फरहूदची तारीख घेता आली असती, घेतली नाही. २०१२ मध्ये इस्रायलच्या परराष्ट्र खात्याने या ज्यूंना 'निर्वासित' म्हणून जगापुढे आणायची मोहीम काढली, उपमंत्री डॅनी अयालोन पुढे होते. तिचा सूर उघड होता: तुमचे निर्वासित, आमचे निर्वासित, हिशेब चुकता.

आणि हे २०१२ चं नाही. तुम्ही मार्च १९५१ च्या गोठवणुकीवर थांबलात. ती १० मार्चची. नऊच दिवसांनी परराष्ट्रमंत्री मोशे शारेत यांनी इस्रायलच्या संसदेत जाहीर केलं की पॅलेस्टिनींना जी भरपाई द्यायची ती ठरवताना इराकी ज्यूंच्या गोठवलेल्या मालमत्तेची किंमत लक्षात घेतली जाईल. ही गाठ सरकारने मारली. बातमीदाराने ती न दाखवता दुःख तेवढं छापलं तर तो, नकळत का होईना, त्या खात्याचा प्रसिद्धीपत्रक-वाटप्या होतो.

फरहूदबद्दलही एक. इस्रायल नव्हता, मान्य. पण १९३६ ते ३९ पॅलेस्टाइन पेटलेलं होतं, जेरुसलेमचा मुफ्ती आणि पॅलेस्टिनी अरबांचा पुढारी अमीन अल-हुसैनी १९३९ पासून बगदादमध्येच मुक्कामाला होता. तेव्हा पॅलेस्टाइनचा संबंधच नाही, हेही खरं नव्हे.

रात्रपाळी

शारेतचा मुद्दा तुम्ही आणलात ते उत्तम, पण तो माझ्या बाजूचा आहे. बगदादच्या शोरजा बाजारातल्या दुकानदाराला कोणी विचारलं होतं का, की बाबा तुझं दुकान आम्ही हैफातल्या कोणा पॅलेस्टिनीच्या घराच्या वजावटीत धरू का? इराकने मालमत्ता घेतली, इस्रायलने ती वाटाघाटीतलं नाणं केलं, आणि त्याच्या हाती काही आलं नाही. हैफातल्या घरमालकाच्याही हाती नाही. ही बातमी आहे! ती लिहा ना, मी चार कॉलम देतो. 'सात लाख पॅलेस्टिनीही' या ओळीत यातलं काय आहे? ती तर शारेतचीच वजावट पुन्हा मांडते, फक्त उलट्या बाजूने.

मुफ्तीचं मान्य. तो परिच्छेद फरहूदच्या लेखात हवाच.

टपरीवरचे, ससून रुग्णालय कोणाच्या पैशाने उभं राहिलं ते पुण्यात कोणालाही विचारा. डेव्हिड ससून दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून बगदादहून निघाला आणि १८३० च्या दशकात मुंबईत आला. मुंबईत या बगदादी मंडळींचं हिब्रू लिपीतल्या अरबी भाषेत वर्तमानपत्र निघत होतं, १८५५ पासून. फरहूदनंतरही काही कुटुंबं भारतात आली. तेव्हा भायखळ्याच्या सिनेगॉगवरून रोज जाताना बगदाद आपल्याला इतकं लांब वाटायचं कारण नाही.

मधलीआळी

दोघंही बॉम्बवर गप्प का?

एप्रिल १९५० ते जून १९५१ या काळात बगदादमध्ये ज्यूंच्या वर्दळीच्या ठिकाणी स्फोट झाले. सर्वांत गाजलेला १४ जानेवारी १९५१ चा, मसूदा शेमतोव सिनेगॉगवरचा. देश सोडून जाणारे लोक तिथे जमत. इराकी न्यायालयाने भूमिगत झायनिस्ट (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कार करणाऱ्या) गटाच्या माणसांना दोषी ठरवलं, दोघांना १९५२ च्या जानेवारीत फाशी झाली. म्हणजे ज्यूंनीच ज्यूंना घाबरवून इस्रायलला नेलं. बगदादमध्ये जन्मलेले ऑक्सफर्डचे इतिहासकार आवी श्लाइम यांनीही २०२३ च्या आठवणींत झायनिस्टांचा हात असल्याचं लिहिलंय. मग तुमचं 'हाकललं' कुठे राहिलं?

सरळरेष

मधलीआळी, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय असं वाटून मी गप्प बसायला हवं होतं, पण नाही बसवत.

यातलं 'दोषी ठरवलं' इतकं पक्कं. कबुलीजबाब छळ करून घेतले असा आरोपींचा दावा होता, इस्रायलने हात असल्याचं कायम नाकारलं, आणि अनेक इतिहासकार यामागे इराकी राष्ट्रवादी होते असं मानतात. श्लाइम यांनी पुरावा दिलाय, तो सगळ्यांना पटलेला नाही. शिवाय जानेवारीच्या त्या बॉम्बच्या आधीच हजारोंनी नावं नोंदवली होती. 'ज्यूंनीच बॉम्ब टाकले' हा मथळा म्हणून चालणार नाही आणि 'आरोप निराधार' हाही. कोणत्या न्यायालयाने, कोणत्या पुराव्यावर, आणि कोण मानत नाही, हे लिहायचं. तीन ओळी जास्त लागतात, लागू देत.

मधलीआळी

आणि कैरो? तिथे तर सिद्ध झालंय.

सरळरेष

कैरोत झालंय. जुलै १९५४, इस्रायलच्या लष्करी गुप्तहेर खात्याने इजिप्तमधल्याच ज्यू तरुणांना हाताशी धरून कैरो आणि अलेक्झांड्रियात अमेरिकन वाचनालयांसारख्या ठिकाणी स्फोट घडवले. लाव्होन प्रकरण. त्याची किंमत तिथल्या ज्यूंनी मोजली, हे छापायलाच हवं. पण कैरोचा गुन्हा बगदादच्या खटल्यात पुरावा म्हणून लावता येत नाही. क्राइम रिपोर्टरने असं केलं असतं तर संपादकाने कॉपी तोंडावर फेकली असती.

नवगावची

इस्रायलमधून लिहितेय. आम्ही बेने इस्रायल, मूळ गाव अलिबागकडचं, घरात अजून मराठीच. दोन गोष्टी सांगते.

एक, भारतातल्या पेपरांत 'जगभरातून हाकलले गेलेले ज्यू' असा लेख आला की त्यात आमचा फोटो लावतात. नऊवारीतली आजी, दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, मालिदाच्या प्रसादाचं ताट. कृपा करून लावू नका. आम्हाला कोकणातून कोणी हाकललं नाही. आम्ही आपल्या पायांनी आलो. अपमान झाला तो इथे आल्यावर, आमच्याशी लग्नं लावायला रब्बी तयार नव्हते तेव्हा. १९६४ साली संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत.

दुसरं, तो साडेआठ लाखांचा आकडा. त्यात मोरोक्कोचे अडीच लाख आहेत. तिथे उजदा आणि जराडात १९४८ मध्ये कत्तल झाली, पण राजाने ज्यूंना हाकललं नाही; उलट दुसऱ्या महायुद्धातल्या नाझीधार्जिण्या फ्रेंच व्हिशी राजवटीत पाचव्या मोहम्मदाने त्यांची बाजू घेतल्याचं ते लोक आजही सांगतात. अल्जीरियाचे ज्यू १८७० पासून फ्रेंच नागरिक, ते १९६२ मध्ये बहुतेक फ्रान्सलाच गेले. त्रिपोलीत नोव्हेंबर १९४५ मध्ये १३० हून जास्त माणसं मारली, एडनमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये ८० च्या आसपास, आणि दोन्हीकडे कारभार ब्रिटिशांचा होता. हे सगळं एका आकड्यात कोंबून वर 'हाकललेले' लिहिलं की मोरोक्कोचा माणूस खोटा पडतो. मग बगदादचाही खोटा वाटायला लागतो.

आणि कागदांवर फार विसंबू नका. सुएझच्या युद्धानंतर इजिप्तने ज्यूंना काढलं तेव्हा अनेकांकडून 'स्वखुशीने जातो, परत येणार नाही, काही मागणार नाही' अशा सह्या घेतल्या. एक बॅग, वीस पौंड. उद्या एखादा संशोधक-पत्रकार तो कागद शोधून काढेल आणि लिहील, बघा, स्वखुशीने गेले.

शिकारपुरी

नवगावचीताई, शंभर टक्के. आमचे आजोबा सिंधमधून कल्याणच्या छावणीत आले. आता उल्हासनगर म्हणतात तिथे. सिंध्यांवर लेख येतो तेव्हा कोणी 'त्याच वर्षी इतके मुसलमानही तिकडे गेले' अशी शेपटी जोडत नाही. आजोबांची गोष्ट आजोबांची असते. रात्रपाळींना +१.

सरळरेष

शिकारपुरी, जोडत नाहीत हे खरं, पण जोडायला हवं असं मी म्हणेन. फाळणीबद्दल आपण ज्या लेखकांना मानतो ते अमृतसर आणि लाहोर दोन्ही लिहिणारे. शिवाय तुमच्या आजोबांना इथे नागरिकत्व मिळालं आणि तिकडे गेलेल्यांना तिकडे. पॅलेस्टिनी निर्वासितांची चौथी पिढी लेबनॉनच्या छावण्यांत आहे. प्रश्न मिटलेला नसताना एका बाजूचं दुःख छापणं आणि मिटल्यावर छापणं, यांत फरक आहे.

नवगावची

मग आधी त्या बाजूच्या माणसालाच विचारा की तो स्वतःला काय म्हणतो. बगदादच्या विमानांची व्यवस्था करणारे श्लोमो हिलेल, पुढे इथल्या संसदेचे सभापती, ते स्वतः बगदादचे. ते म्हणायचे आम्ही निर्वासित नाही, स्वेच्छेने आलो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या इराकी आजी ऐकल्या की भडकायच्या. त्यांची सुरुवात इथे तंबूतून झाली, विमानतळावर उतरल्या उतरल्या अंगावर डीडीटी मारलं. १९५९ ला हैफाच्या वादी सलीबमध्ये दंगल झाली, १९७१ ला जेरुसलेममध्ये अरब देशांतून आलेल्या ज्यूंच्या तरुण पोरांचे ब्लॅक पँथर उभे राहिले, ते याच रागातून. तुमच्या तिसऱ्या परिच्छेदाच्या भांडणात हा चौथा परिच्छेद कोणालाच आठवत नाही.

रात्रपाळी

ताई, हा चौथा मी आजपासून मागून घेईन.

अजून एक, कारण धागा पत्रकारितेवर आहे आणि आपण सगळे बाहेरून लिहिणाऱ्यांवरच बोलतोय. आतले काय करत होते? फरहूदच्या आधी बर्लिनहून अरबी रेडिओवर युनूस बहरी हा इराकीच बोलत असे, ज्यूंविरुद्ध, नाझींच्या पगारावर. २७ जानेवारी १९६९ ला बगदादच्या भर चौकात हेरगिरीच्या आरोपाखाली १४ जणांचे मृतदेह टांगले, त्यांतले ९ ज्यू. बगदाद रेडिओ लोकांना बोलावत होता, या आणि बघा. लोक आले, मुलाबाळांना घेऊन. ते निवेदन वाचणाराही कोणीतरी वृत्तनिवेदकच होता ना. आणि त्याच शहरात अन्वर शाऊल होते, ज्यू, अरबी भाषेतले कवी, १९२९ ते १९३८ 'अल-हासिद' साप्ताहिकाचे संपादक. सगळा समाज निघून गेल्यावरही ते थांबले, १९७१ पर्यंत. अरबी ही आपलीच भाषा, यावरून ते हटले नाहीत. बहरी आणि शाऊल या दोघांना शेजारी ठेवून लेख करा म्हणून मी आमच्या रविवार पुरवणीला सुचवलं होतं. 'वाचकांना संदर्भ लागणार नाही' असं उत्तर आलं.

टपरीवरचा

लागला की. मला लागला. कापसाचं तरी बघा कोणीतरी.

सरळरेष

रात्रपाळी, तडजोड सुचवतो. तुमचा तिसरा परिच्छेद कापा. त्याच्या जागी दोन वाक्यं: ३० नोव्हेंबर ही तारीख का निवडली, आणि १९ मार्च १९५१ ला शारेत काय बोलले. आणि १५ मेला नकबाची, म्हणजे पॅलेस्टिनींच्या १९४८ च्या विस्थापनाच्या स्मृतिदिनाची, कॉपी येते तेव्हा तिलाही 'आठ लाख ज्यूही' ही शेपटी लावायची नाही.

रात्रपाळी

१५ मेला मी कापतोच. तुमची दोन वाक्यं मान्य. फक्त शारेतचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात नको, गोठवणुकीच्या लगेच खाली हवं, नाहीतर ते पुन्हा शेपटीसारखंच दिसेल.

सरळरेष

आणि रात्री साडेअकराला पान लावणाऱ्याने जागा नाही म्हणून नेमकी तीच दोन वाक्यं उडवली तर?

रात्रपाळी

तर फोटो दोन कॉलमांचा एक करायला लावेन. तसाही तो येमेनच्या ज्यूंचा असतो.